बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी : वकिलाच्या मेहनतीचं मोल सांगणारं आयुष्य

कर्जत लोकलने सीएसएमटीला उतरून बाहेर आलं की रस्त्याच्या पलीकडे अंजुमन-ए-इस्लामची जुनी दगडी इमारत दिसते. भिवपुरी, नेरळ, कर्जतहून रोज मुंबईला जाणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांनी ती पाहिलेली आहे. तिथून फोर्टातून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की मुंबई हायकोर्ट. या दोन्ही ठिकाणांशी एका माणसाचं नाव कायमचं जोडलेलं आहे. अंजुमनच्या संस्थापकांपैकी एक आणि हायकोर्टातला पहिला हिंदी बॅरिस्टर, पहिला मुस्लिम न्यायाधीश, असे मरहूम बद्रुद्दीन तय्यबजी.

त्यांची ओळख बहुतेक वेळा काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष एवढ्यावरच संपते. आज त्यांच्याकडे एका वेगळ्या प्रश्नासाठी पाहूया. आपल्या घरांत जमिनीचा वाद निघतो, वारसनोंद अडते, तलाकनंतर पोटगीचा मामला उभा राहतो, कधी एखादा मुलगा पोलीस केसमध्ये अडकतो. अशा वेळी दोन प्रकारची माणसं सल्ला द्यायला येतात. एक म्हणतो, मोठा वकील लावा, केस जिंकलीच समजा. दुसरा म्हणतो, वकिलाने काही होत नाही, सगळं नशिबावर आणि साहेबाच्या मर्जीवर. दोघंही अर्धंच सांगतात. वकिलाचा अनुभव आणि कसब यांनी किती फरक पडतो, आणि कुठे जाऊन तो थांबतो, हे तय्यबजींच्या आयुष्यात आणि त्यांच्या एका निर्णयाच्या पुढच्या इतिहासात अगदी स्पष्ट दिसतं.

घर आणि तालीम

बद्रुद्दीन यांचा जन्म ऑक्टोबर 1844 मध्ये मुंबईत झाला. वडील मुल्ला तय्यब अली भाई मियाँ मूळचे खंबायतचे. घराणं सुलेमानी बोहरा. आपल्या भागात बोहरा म्हटलं की माथेरानची छोटी गाडी बांधणारे पीरभॉय आठवतात. ते दाऊदी बोहरा, तय्यबजी सुलेमानी. दोन्ही व्यापारी जमाती.

व्यापारी घरात मुलगा दुकानावर बसायचा, हाच रिवाज होता. तय्यब अलींनी मात्र मुलांना शिकायला विलायतेला पाठवलं. त्या काळात इंग्रजी शिक्षणाकडे आपल्या समाजात संशयाने पाहिलं जायचं. समुद्रापार मुलं पाठवणं म्हणजे दीन आणि दुनिया दोन्ही बिघडवणं, असं बोलणारे लोक होते. वडिलांनी ते ऐकलं आणि जे करायचं तेच केलं. त्यांच्यापैकी कमरुद्दीन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाला. तिथे सॉलिसिटर म्हणून दाखल झालेला तो पहिला हिंदी माणूस.

बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये गेले. 1860 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, ते लंडनला पोहोचले. 1863 मध्ये मिडल टेम्पल या कायद्याच्या संस्थेत नाव घातलं. पण डोळ्यांनी दगा दिला. नजर इतकी कमजोर झाली की 1864 च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परतावं लागलं. कायद्याचा अभ्यास म्हणजे बारीक टायपातली जाड पुस्तकं, आणि डोळे साथ देईनात. दुसरा कोणी असता तर वडिलांच्या पेढीवर बसला असता, कोणी नाव ठेवलं नसतं. ते वर्षभराने पुन्हा गेले, शिक्षण पूर्ण केलं आणि एप्रिल 1867 मध्ये बॅरिस्टर झाले.

ब्रीफ कोण देणार?

1867 च्या डिसेंबरमध्ये ते मुंबईत आले तेव्हा हायकोर्टाला जेमतेम पाच वर्षं झाली होती. आज दिसते ती हायकोर्टाची भव्य इमारत तेव्हा उभीही नव्हती, ती 1878 मध्ये पूर्ण झाली. बॅरिस्टर सगळे इंग्रज. त्यांच्यात हा तेवीस वर्षांचा मुस्लिम तरुण उभा राहिला.

इथे त्या काळची पद्धत समजून घ्यायला हवी. हायकोर्टाच्या मूळ शाखेत अशील थेट बॅरिस्टरकडे जाऊ शकत नसे. अशील सॉलिसिटरकडे जायचा. सॉलिसिटर कागद जमवायचा, हकीकत लिहून काढायचा आणि मग त्या कागदांची ब्रीफ आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरला द्यायचा. मोठ्या पेढ्या इंग्रजांच्या, त्यांचे बॅरिस्टरही इंग्रज. शिवाय आपलेच व्यापारीसुद्धा गोऱ्या बॅरिस्टरवर जास्त भरवसा ठेवत. गोरा साहेब उभा राहिला की न्यायाधीश ऐकतो, अशी समजूत होती.

म्हणजे डिग्री हातात असूनही काम मिळेलच याची खात्री नव्हती. मोठे भाऊ कमरुद्दीन सॉलिसिटर असल्यामुळे सुरुवातीला आधार मिळाला, ही गोष्ट मान्य करायला हवी. पण भावाची ओळख दार उघडून देते, आत उभं राहायचं ते आपल्या पायावर. पुढच्या वर्षांत बद्रुद्दीन यांचं नाव झालं ते कामामुळे. शांत बोलणं, मुद्दे नीट लावून मांडणं, साक्षीदाराची उलटतपासणी आणि ज्युरीसमोरची मांडणी, यांसाठी ते ओळखले जाऊ लागले. ज्या बारमध्ये एकही हिंदी माणूस नव्हता, तिथल्या आघाडीच्या वकिलांत त्यांची गणना व्हायला लागली.

उलटतपासणी म्हणजे सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा नव्हे. साक्षीदाराने आधी काय लिहून दिलंय, आज काय सांगतोय, कागदावर तारीख कोणती आहे, हे सगळं वकिलाच्या डोक्यात आधीच तयार असावं लागतं. एकच प्रश्न योग्य वेळी विचारला की खोटी साक्ष कोसळते, आणि नको तो प्रश्न विचारला की आपलीच बाजू बुडते. ही समज पुस्तकातून थोडी येते, बाकी वर्षानुवर्षं कोर्टात उभं राहून येते. अनुभवी आणि नवख्या वकिलात खरा फरक इथे पडतो.

वकिलाची भाषा समाजासाठी

कोर्टातलं हे कसब त्यांनी बाहेरही वापरलं. 1873 मध्ये ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनमध्ये गेले, 1882 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलवर आले. 1883 मध्ये इल्बर्ट बिलाचा वाद पेटला. गोऱ्या आरोपीवरचा खटला हिंदी मॅजिस्ट्रेटला चालवता यावा, एवढीच त्या बिलाची मूळ गोष्ट होती. गोऱ्यांनी देशभर गदारोळ केला. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये बिलाच्या बाजूने सभा झाली, त्यात तय्यबजी बोलले. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी, म्हणजे एक पारशी, एक हिंदू आणि एक मुसलमान, हे तिघं वकील त्या काळच्या मुंबईचं सार्वजनिक जीवन चालवत होते. 1885 मध्ये या तिघांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली.

त्याआधी, 1874 मध्ये, अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली होती. बद्रुद्दीन, त्यांचे भाऊ कमरुद्दीन आणि आपल्या कोकणी मुसलमानांतले नाखुदा मोहम्मद अली रोगे हे तिच्या संस्थापकांत होते. 1880 मध्ये शाळा सुरू झाली. दीनी तालीम आणि इंग्रजी शिक्षण एकाच छताखाली, हा त्यांचा आग्रह होता. 1893 मध्ये स्टेशनसमोरची इमारत तयार झाली. घरातही त्यांनी बदल केले. घरात गुजराती बोलली जायची, तिच्या जागी उर्दू आली. मुलींना शिकवलं, आणि 1904 मध्ये दोन मुलींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. आज मुलीला तालुक्याच्या कॉलेजात पाठवायचं की नाही यावर जिथे चर्चा होते, त्या घरांनी हे साल लक्षात ठेवावं.

डिसेंबर 1887 मध्ये ते मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. सर सय्यद अहमद खान यांचा काँग्रेसला सख्त विरोध होता. मुसलमानांनी आधी शिकावं, राजकारणात पडू नये, असं सर सय्यद यांचं मत होतं. तय्यबजींना त्यांच्याबद्दल आदर होता, तरी हे मत पटत नव्हतं. दोघांत पत्रव्यवहार झाला. तय्यबजींनी भांडण न वाढवता वकिलासारखा मार्ग काढला. ज्या विषयाला जवळपास सगळे मुसलमान किंवा जवळपास सगळे हिंदू प्रतिनिधी विरोध करतील, तो विषय काँग्रेसने चर्चेलाच घेऊ नये, असा नियम त्यांनी करवून घेतला. लहान बाजूला संरक्षण हवं असेल तर ते भाषणात न राहता नियमात उतरलं पाहिजे, हे ते ओळखून होते.

टिळकांचा जामीन

1895 मध्ये तय्यबजी मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. दोन वर्षांनी त्यांच्यापुढे तो अर्ज आला, ज्याची आठवण कायद्याच्या इतिहासात अजून काढली जाते.

22 जून 1897 च्या रात्री पुण्यात प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. पाठोपाठ केसरीतल्या लेखांवरून सरकारने लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवला आणि 27 जुलैला त्यांना मुंबईत अटक केली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे अर्ज गेला, तिथेही नकार मिळाला. मग खटला हायकोर्टाच्या सेशन्सकडे सोपवला गेला तेव्हा टिळकांचे बॅरिस्टर दिनशा दावर यांनी पुन्हा अर्ज केला. समोर न्यायाधीश होते बद्रुद्दीन तय्यबजी.

प्रसंग नाजूक होता. चारच वर्षांपूर्वी, 1893 मध्ये, मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली होती. त्यानंतरच्या टिळकांच्या राजकारणाने अनेक मुसलमान दुखावले होते. ज्या मजकुरावर खटला होता, त्यात शिवाजी महाराजांनी केलेल्या अफजलखानाच्या वधाची चर्चाही होती. सरकार संतापलेलं होतं. मुस्लिम न्यायाधीशाने जामीन नाकारला असता तर कोणाला आश्चर्य वाटलं नसतं.

तय्यबजींनी 4 ऑगस्ट 1897 ला जामीन मंजूर केला. त्यांचा विचार साधा होता. खटल्याच्या दिवशी आरोपी कोर्टात हजर राहील का, हा जामिनाचा मुख्य प्रश्न. टिळक पळून जातील असं मानायला काही कारण नाही. शिवाय आरोपीला आपल्या बचावाची तयारी करायला मोकळीक हवी. आणि महिनाभर तुरुंगात ठेवून शेवटी तो निर्दोष ठरला, तर त्या महिन्याची भरपाई कोण करणार?

या प्रसंगात वकिलाच्या कामाचे तीन धडे आहेत. पहिला, एकदा नकार आला म्हणून दावर थांबले नाहीत. खटला पुढच्या टप्प्यावर गेला, परिस्थिती बदलली, तेव्हा त्यांनी पुन्हा अर्ज केला. कोणता अर्ज कधी आणि कुणापुढे करायचा, हे जाणणं हाच अनुभव. दुसरा, जामिनाच्या अर्जात लेख बरोबर की चूक हा वाद मुख्य नसतो. आरोपी हजर राहील हे पटवून द्यायचं असतं. ज्या टप्प्याला जो प्रश्न, त्याचंच उत्तर द्यायचं. तिसरा, ऐकणारा न्यायाधीश मन मोकळं ठेवून बसलेला असावा लागतो. तो नसेल तर पहिल्या दोन गोष्टी अपुऱ्या पडतात.

हा तिसरा धडा लगेच पुढच्या महिन्यात दिसला. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. बचावासाठी कलकत्त्याहून नामवंत बॅरिस्टर पग आले होते. मात्र ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. राजद्रोहाच्या कलमाचा अर्थ न्यायाधीशांनी इतका रुंद केला की सरकारबद्दल प्रेम नसणं हाच जवळपास गुन्हा ठरला. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले. अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मोठा वकील होता, मोठा खर्च झाला, तरी निकाल विरोधात गेला.

खुर्ची बदलली की

1902 मध्ये तय्यबजींनी मुंबई हायकोर्टाचे हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणून काम पाहिलं. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी. ऑगस्ट 1906 मध्ये रजेवर लंडनला असताना त्यांचं निधन झालं. वय एकसष्ट.

त्यांच्यानंतर दोनच वर्षांनी, 1908 मध्ये, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. या वेळी न्यायाधीशाच्या खुर्चीत कोण होतं? तेच दिनशा दावर, ज्यांनी 1897 मध्ये टिळकांसाठी जामीन मागितला होता. टिळकांच्या वतीने जामिनाचा अर्ज घेऊन उभे होते तरुण बॅरिस्टर मोहम्मद अली जिना, आणि त्यांच्या हातात आधार होता तो तय्यबजींच्या 1897 च्या निर्णयाचा. म्हणजे दावर यांनी वकील म्हणून जे पटवून दिलं होतं, तेच आता त्यांना न्यायाधीश म्हणून ऐकवलं जात होतं. दावर यांनी जामीन नाकारला. पुढे खटल्यात टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली, कित्येक तास बोलले, आणि सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरून सहा वर्षांसाठी मंडालेला गेले.

1916 मध्ये तिसऱ्यांदा सरकार मागे लागलं. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून चांगल्या वर्तनाची हमी आणि जामीनदार मागितले. या वेळी हायकोर्टात जिना लढले. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शाह यांनी भाषणं पूर्ण वाचली, सुटी वाक्यं उचलून अर्थ काढायचं नाकारलं आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. 1908 मध्ये हरलेला तोच वकील 1916 मध्ये जिंकला. आठ वर्षांत त्याचा अनुभव वाढला होता, आणि समोरचं खंडपीठही वेगळं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आपल्यासाठी काय?

यातून आपल्या घरापुरतं काय घ्यायचं? वकील निकाल विकत आणून देत नाही. जो तशी हमी देतो त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं. पण आपली बाजू कोर्टापुढे पूर्ण जाणं, वेळेत जाणं आणि योग्य कलमाखाली जाणं, हे वकिलाच्या हातात असतं. तेवढ्यानेही पुष्कळ केस वाचतात.

वकील निवडताना ऑफिसची काच आणि गाडी पाहू नका. आपल्या प्रकारची कामं त्याने केली आहेत का, ते विचारा. सातबाऱ्याच्या फेरफाराचं काम तहसीलदार-प्रांतापुढे चालतं, वाटपाचा दावा दिवाणी कोर्टात, जामीन फौजदारी कोर्टात. तिन्ही कामांचं कसब वेगळं. पहिल्या भेटीला जाताना सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या. 1867 मध्ये सॉलिसिटर जी ब्रीफ तयार करायचा, तेच हे काम आहे, आज ते थोडं आपणही करायला हवं. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट वकिलापासून लपवू नका. ती उलटतपासणीत बाहेर येतेच, आणि तेव्हा वकिलाची तयारी नसते.

पैसे नाहीत म्हणून गप्प बसणारी घरंही आहेत. 1979 मध्ये हुसैनारा खातून या नावाने सुप्रीम कोर्टात गाजलेल्या प्रकरणात बिहारच्या तुरुंगात वर्षानुवर्षं खटल्याविना पडलेल्या कैद्यांचा प्रश्न आला. गरीब आरोपीला मोफत वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे, असं कोर्टाने ठरवलं. पुढे 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला. महिला, मुलं, कोठडीत असलेली व्यक्ती, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. 15100 या नंबरवर फोन करूनही माहिती मिळते. आपल्या बहिणींना हा नंबर जरूर द्या.

आणि एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगतो. दहावीनंतर काय, असं विचारलं की आपली मुलं डॉक्टर, इंजिनिअर किंवा गल्फ म्हणतात. वकील व्हायचंय असं म्हणणारा क्वचित भेटतो. आपल्या रायगडनेच राज्याला बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले दिले. तय्यबजींनी उभ्या केलेल्या अंजुमनमध्ये आज अंतुले यांच्या नावाचं लॉ कॉलेज आहे. कर्जत लोकलने थेट जाता येतं. कमजोर नजरेने जाड पुस्तकं वाचून एक मुलगा ज्या बारमध्ये पहिला उभा राहिला, त्या बारची दारं आता आपल्या मुलामुलींसाठी उघडी आहेत. मेहनतीची तयारी असलेले चार जण जरी प्रत्येक गावातून गेले, तरी उद्या कोर्टाच्या पायरीवर घाबरून उभ्या राहिलेल्या आपल्या माणसाला समजावून सांगणारं कोणीतरी तिथे असेल, इन्शाअल्लाह.